कान धर, हलू नकोस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या केसांवरचा लेख मी तीनदा वाचला. एकदा मनातल्या मनात, एकदा मुलाला मोठ्याने, आणि एकदा सुनेला इंग्रजीत समजावत. तिसऱ्या वाचनाला पंचाईत झाली, कारण माझी सून कृष्णवर्णीय आहे, शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेली. 'केस सरळ करून घेणारी कृष्णवर्णीय स्त्री रोज सकाळी आरशासमोर स्वतःला नाकारत असते' या वाक्यापाशी मी आले, तेव्हा ती नातीच्या डोक्यात बोटं घालून गुंता सोडवत बसली होती. मान वर न करता तिने एवढंच विचारलं, "आई, हे लिहिणाऱ्यांनी कधी कुणाचे असे केस विंचरलेत का?"

त्यांचं मला ठाऊक नाही. मी विंचरलेत, म्हणून हे पत्र.

छत्तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. यजमान गेल्यावर मुलाकडे शिकागोला आले, त्याला सात वर्षं झाली. तेव्हा नात दोन वर्षांची होती, आता नऊची आहे. आल्या आल्याच एके दिवशी सून कामावर गेली आणि मुलगी माझ्या ताब्यात आली. तेल-फणी हा माझा हातखंडा. स्वतःच्या मुलीच्या, भाच्यांच्या, शेजारच्या पोरींच्या मी डोळे मिटून वेण्या घातल्यात. पोरीला दोन गुडघ्यांत धरली, ओंजळभर खोबरेल थापलं आणि बारीक दातांची फणी कपाळापासून मागे ओढली. फणी दोन इंच गेली आणि अडली. मी जोर लावला. फणीचे दोन दात तुटले आणि पोरीने जो टाहो फोडला, तो खालच्या मजल्यावरच्या म्हातारबुवांपर्यंत गेला. ते काठी टेकत वर आले.

संध्याकाळी सुनेने ते ध्यान पाहिलं, पण मला एका शब्दाने बोलली नाही. हात धुतले, पोरीला टबात बसवून तेल काढलं आणि मग मला शेजारी बसवून दाखवलं. केसांचे आठ भाग करायचे, सात चिमट्यांनी वर बांधून टाकायचे आणि एकच हातात घ्यायचा. बाटलीतून पाण्याचा फवारा मारायचा. कंडिशनर इतकं लावायचं की केस बोटांतून माशासारखे सुटले पाहिजेत. आधी बोटं, मग मोठ्या दातांची फणी, तीही टोकाकडून सुरू करून एकेक इंच वर सरकायची. वरून खाली ओढलं की सगळा गुंता एका जागी जाऊन बसतो आणि तिथेच केस तुटतो. इतका गुंडाळीदार केस प्रत्येक वळणावर थोडा नाजूक असतो. टाळूचं तेल सरळ केसावरून घरंगळत टोकापर्यंत जातं, स्प्रिंगसारख्या केसावरून ते उतरतच नाही, म्हणून टोकं कायम कोरडी. हे सगळं मला शिक्षिका असून माहीत नव्हतं. माझ्या पाठ्यपुस्तकात केस एकाच जातीचा होता.

नातीचे केस ओले केले की कमरेला लागतात आणि वाळले की खांद्यावर येऊन बसतात. त्याला 'श्रिंकेज' म्हणतात. केस धुण्याच्या दिवसाला या घरात 'वॉश डे' म्हणतात आणि 'दिवस' हा शब्द तिथे अक्षरशः घ्यायचा. सकाळी नऊला बसलेली मुलगी जेवणाआधी उठली तर आम्ही लवकर आटोपलं असं समजतो. रात्री सॅटिनची टोपी चढवायची, नाहीतर उशीचं सुती कापड सगळा ओलावा शोषून घेतं. सून स्वतः दोन-अडीच महिन्यांनी 'बॉक्स ब्रेड्स' घालून घेते, म्हणजे बारीक चौकोनी भांग पाडून घातलेल्या शंभरावर वेण्या. सहा तास आणि अडीचशे डॉलर, वर बक्षिसी वेगळी. 'नैसर्गिक केस ठेवा, मोकळ्या व्हा' असं आपल्या लेखात आहे. हे सहा तास आणि अडीचशे डॉलर त्या मोकळेपणाच्या हिशेबात कुठे धरायचे, तेवढं सांगायचं राहिलं.

आता माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी शहाणपणा शिकवायला बसले आहे असं वाटणार नाही.

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला फोनवर म्हटलं होतं, "पोरगी छान आहे रे, फक्त त्या दिवशी केस जरा बसवून घे म्हणावं. फोटो जन्मभर राहतात." त्याने निरोप जसाच्या तसा पोचवला. मुलग्यांना कुठला निरोप गिळायचा हे कळत नाही. सुनेने कॉलेजात असतानाच रसायनाने सरळ केलेले सगळे केस कापून टाकले होते आणि मुळापासून आपले कुरळे केस नव्याने वाढवले होते. या कापण्याला त्या 'बिग चॉप' म्हणतात. बोटभर केसांनी महिनोन्महिने वावरायचं, घरच्यांची बोलणी खायची आणि वाट बघायची. ते वाढवलेले केस तिने माझ्या एका वाक्याखातर 'सिल्क प्रेस' करून घेतले. यात रसायन नसतं. केस धुऊन, वाळवून, तापलेल्या इस्त्रीच्या दोन पट्ट्यांमधून बट-बट काढतात. ती इस्त्री साडेचारशे फॅरनहाइटपर्यंत तापते.

लग्नात ती फार सुंदर दिसली. सगळे म्हणाले, मीही म्हणाले. परत जाऊन तिने केस धुतले, तेव्हा मागचे सगळे परत वळले, पण कपाळावरचे वळलेच नाहीत. कुरळ्या केसांमध्ये ओल्या दोऱ्यासारखे लोंबत राहिले. ते थोडे थोडे कापत जायला तिला दोन वर्षं लागली. हे मला कळलं कधी, तर ती नातीच्या केसांची टोकं छाटत होती आणि मी सहज विचारलं की तुझ्या इथे पुढे असं का होतं गं लग्नानंतरच्या फोटोंत. तिने सांगितलं, रागावून वगैरे नाही, टोकं छाटता छाटता. लग्नाचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. त्यात ती सुंदर दिसते आणि मला तो अजूनही आवडतो, अडचण तीच आहे. आपल्या लेखाच्या हिशेबाने त्या दिवशी तिने स्वतःला नाकारलं. पण नकार मी दिला होता, तिने फक्त त्याची किंमत भरली.

माझ्या विहीणबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांचं ऐकाल तर 'सरळ म्हणजे गुलामी, कुरळे म्हणजे अस्मिता' हे गणित पहिल्या ओळीतच चुकतं. त्यांची आई मिसिसिपीहून शिकागोला आलेली, दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या शहरांत आले, ज्याला इथे 'ग्रेट मायग्रेशन' म्हणतात, त्या लोंढ्यात. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री स्वयंपाकघरात गॅसवर लोखंडी कंगवा तापत ठेवायचा. तापला की आधी कागदावर टेकवून बघायचा. कागद करपला तर थांबायचं. मग डोक्याला ग्रीस, म्हणजे केसांचं मलम, लावून मुळापासून ओढायचा. ग्रीस चुरचुरायचं, धूर निघायचा आणि आई म्हणायची, "कान धर, हलू नकोस." कानाची पाळी हाताने खाली दुमडून धरायची, कारण कंगवा कानाला लागला की फोड. मानेवरचे सगळ्यात हट्टी केस असतात त्यांना त्यांच्या बोलीत 'किचन' म्हणतात. विहीणबाई सांगतात, "आमचं किचन किचनमध्येच सरळ व्हायचं." हा विनोद त्यांनी मला निदान दहादा सांगितलाय.

त्या रात्रीची त्यांची आठवण अपमानाची नाही, हे मला नीट सांगायचं आहे. आईचा हात अर्धा तास फक्त आपल्या डोक्यावर. सात भावंडांत एवढा वेळ दुसरा कधी मिळत नसे. सकाळी नवा फ्रॉक, पांढरे मोजे आणि चर्च. आपले लेखक म्हणतात तसा तो आत्मद्वेष असेल, तर आईच्या कुशीच्या वासाचा आत्मद्वेष असतो असं म्हणावं लागेल. आणि दुसरीकडे त्याच विहीणबाईंच्या उजव्या कानामागे आजही एक चकचकीत डाग आहे. दोन्ही खरं आहे.

पुढे 1970 च्या सुमाराला त्या कॉलेजात गेल्या आणि मोठा गोल ॲफ्रो ठेवला, म्हणजे कुरळे केस जसेच्या तसे डोक्याभोवती वाढवले. आई रडली. एवढं राबून तुला चारचौघांत बसण्यासारखी केली आणि तू हे डोक्यावर घेऊन फिरतेस, असं म्हणाली. मग डाउनटाउनमधल्या एका बँकेत नोकरी लागली. तिथे त्यांना कोणी थेट काही म्हटलं नाही. फक्त काउंटरवर बसवत नव्हते, मागे फायलींत ठेवलं होतं. सहा महिन्यांनी त्यांनी केसांना सरळ करणारा रिलॅक्सर लावला, आणि पुढच्या महिन्यात त्या काउंटरवर बसल्या. "माझ्याकडे दोन लेकरं होती," त्या म्हणतात, "अस्मिता मी घरी ठेवून जायचे, संध्याकाळी परत भेटायची." हे सांगताना त्या हसतात, सून मात्र हसत नाही. त्या दोघींत या विषयावर गेली वीस वर्षं जे चालू आहे त्यात मी पडत नाही.

रिलॅक्सर म्हणजे काय, ते आपल्या लेखात 'केमिकल' या एका शब्दात उरकलंय. माझ्यातली शिक्षिका तिथे अडली. केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या जोडबंधांनी बांधलेल्या असतात. तापलेला कंगवा या बंधांना सहसा हात लावत नाही. तो फक्त पाण्याने सुटणारे हलके हायड्रोजन बंध मोडतो, म्हणून एक पाऊस, एक घामाची दुपार, शिकागोचा एक दमट जुलै, की केस परत जागेवर. रिलॅक्सर गंधकाचे बंधच तोडतो. दोन गंधकांच्या जागी एकाच गंधकाचा नवा, न उलटणारा बंध तयार होतो. त्यामुळे जो केस सरळ झाला तो मरेपर्यंत सरळ. पण मुळातून येणारा नवा केस आपल्या मूळ वळणानेच येतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी 'टच-अप'. आणि हे करणारा पदार्थ कोणता, तर जुन्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा. मलमात त्याचं प्रमाण दोनेक टक्केच असतं, पण शाळेच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली मी कुलुपात ठेवायचे आणि दहावीच्या पोरांना हातमोज्यांशिवाय शिवू द्यायचे नाही. तो या बायका टाळूवर घेतात. आधी टाळूला आणि कानांना पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा. आदल्या दिवशी डोकं खाजवायचं नाही, कारण नखाच्या ओरखड्यातून तो आत उतरतो. मग घड्याळ लावून बसायचं. विहीणबाई म्हणतात, झोंबायला लागलं तरी आम्ही पार्लरवालीला सांगायचो नाही, अजून दोन मिनिटं राहिलं तर आणखी सरळ होतील या आशेने. मग धुताना खपल्या निघायच्या. कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स यांनीही आत्मचरित्रात तरुणपणी डोक्याला असंच लाय, म्हणजे हाच कॉस्टिक सोडा, लावून घेतल्याचं सांगितलंय. त्या घरगुती मिश्रणात बटाटे आणि अंडीही असत. म्हणजे हा भोग बायकांपुरता नव्हता.

लेखातली एक चूक दुरुस्त करावी ही विनंती. मॅडम सी. जे. वॉकर यांनी 'केस सरळ करणारा कंगवा शोधला' असं छापलंय. नाही शोधला. तापवलेली लोखंडी अवजारं फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच वापरात होती. वॉकरबाईंचा जन्म 1867 चा, लुईझियानातला, मूळ नाव सेरा ब्रीडलव्ह. त्यांचे स्वतःचे केस गळत होते, टाळू खराब झाली होती. त्या आधी ॲनी मलोन या दुसऱ्या उद्योजिकेचा केसांचा माल घरोघर विकत, मग स्वतःचा काढला. त्यांचा गाजलेला डबा केस वाढवण्याच्या मलमाचा होता आणि 'केस सरळ करणारी बाई' ही ओळख त्यांना पसंत नव्हती. कपडे धुऊन पोट भरणारी ही बाई 1919 साली गेली तेव्हा देशातल्या सगळ्यात श्रीमंत कृष्णवर्णीय स्त्रियांत गणली जात होती आणि हजारो बायकांना तिने स्वतःच्या कमाईचा धंदा शिकवला होता. लेखात त्या खलनायिका झाल्यात, ते वाचून वाईट वाटलं.

इथे शिकागोतच 1954 साली जॉर्ज जॉन्सन यांनी अडीचशे डॉलर कर्जावर केसांच्या उत्पादनांची कंपनी काढली. तिचा अल्ट्रा शीन रिलॅक्सर घरोघरी पोचला. साठीच्या दशकात ॲफ्रोची लाट आली तेव्हा त्याच कंपनीने ॲफ्रोच्या निगेसाठी ॲफ्रो शीन काढलं आणि तेही घरोघरी पोचलं. 1971 मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंद झालेली ती पहिली कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी. विहीणबाईंनी दोन्ही डबे वापरले. दुकानदाराला दोन्हीचे पैसे चालतात, ही गोष्ट अस्मितेच्या चर्चेत कोणी काढत नाही.

खरी मेख कायद्यात आहे आणि लेखात तिला चार ओळीही मिळाल्या नाहीत. 1981 साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात रेनी रॉजर्स या विमान कंपनीतल्या कर्मचारी बाईंचा खटला झाला. त्या केसांना कॉर्नरो घालून, म्हणजे डोक्याला चिकटून ओळीने वेण्या घालून कामावर येत, आणि कंपनीचा नियम आड आला. न्यायालयाने ढोबळमानाने असं म्हटलं की ॲफ्रो उपजत असतो, वेण्या घातलेल्या असतात, म्हणजे ती स्वतःची निवड, म्हणजे भेदभाव नाही. वर असंही नोंदवलं की ही केशरचना नुकतीच एका गोऱ्या नटीने सिनेमातून लोकप्रिय केली आहे. शेकडो वर्षं आयांनी लेकींच्या डोक्यावर घातलेल्या वेण्या, आणि कागदावर नाव नटीचं! अलाबामातल्या मोबील शहरात 2010 मध्ये चॅस्टिटी जोन्स या बाईंना मिळालेली नोकरी हातची गेली, कारण त्यांनी ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारख्या वळलेल्या बटा, कापायला नकार दिला. 2016 मध्ये अपील न्यायालयानेही कंपनीचीच बाजू घेतली, आणि तर्क तोच की केसांची रचना बदलता येते. बदलता येते हे खरंच. कशाने बदलता येते, ते मी वर लिहिलंय.

2019 च्या जुलैत कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा 'क्राउन ॲक्ट' केला. केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स (ड्रेडलॉक्स), ट्विस्ट (पिळलेल्या बटा) यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करता येणार नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं. त्यानंतर दोन डझनांच्या वर राज्यांनी तसा कायदा केला. देशभरासाठीचं विधेयक 2022 मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. आमच्या इलिनॉयमध्ये तर आधी शाळांसाठीचा कायदा झाला, जेट हॉकिन्स कायदा. जेट हा शिकागोचा चार वर्षांचा मुलगा. वेण्या घालून शाळेत गेला आणि शाळेने त्या काढायला लावल्या. 1 जानेवारी 2022 पासून तो कायदा लागू आहे. चार वर्षांच्या पोराच्या नावाने कायदा करावा लागतो त्या देशात 'तिने केस का सरळ केले' हा प्रश्न तिलाच का विचारायचा?

मिशेल ओबामा याच दक्षिण शिकागोच्या. व्हाइट हाउसमध्ये आठ वर्षं त्यांचे केस सरळ होते. 2022 च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनमधल्या एका कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की वेण्या घालाव्यात असं मनात होतं, पण लोक त्याला तयार नाहीत असं वाटलं. केसांवरच चर्चा झाली असती आणि आरोग्य विम्याच्या कायद्याचं बाजूला राहिलं असतं. आपला लेख याला 'शरणागती' म्हणतो. विहीणबाई याला 'काउंटरवर बसणं' म्हणतात.

पोहण्याचंही तसंच. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने जाड, दाट केस मावतील अशी पोहण्याची मोठी टोपी, 'सोल कॅप', नामंजूर केली. डोक्याच्या नैसर्गिक आकाराला ती धरून नाही असं कारण दिलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात मंजूर केली. आमची नात पोहते. तिचं डोकं नैसर्गिक आहे की नाही याचा निकाल लागायला एक वर्ष लागलं म्हणायचं.

तब्येतीबद्दल लेखकाने जे लिहिलंय त्याचा हेतू चांगला आहे, पण 'रिलॅक्सरने कर्करोग होतो' असं थेट लिहिलंय ते जपून लिहायला हवं होतं. 2022 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 33,497 बायकांच्या पाहणीचे आकडे दिले. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करण्याची उत्पादनं वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. म्हणजे सत्तर वर्षं वयापर्यंतची शक्यता कधीच न वापरणाऱ्यांत 1.64 टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. संबंध दिसला, कार्यकारणभाव सिद्ध झाला असं नाही. बायकांनी कुठल्या कंपनीचं, कुठल्या घटकांचं उत्पादन वापरलं हे त्यात नोंदवलेलंच नव्हतं. पण वापरणाऱ्यांत साधारण साठ टक्के कृष्णवर्णीय होत्या. कंपन्यांवरचे हजारो दावे 2023 पासून इथल्याच, शिकागोच्या फेडरल न्यायालयात एकत्र चालू आहेत. हे आकडे मी विहीणबाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं. दर सहा आठवड्यांनी." आणि बोटांवर मोजायला लागल्या. मी त्यांना मोजू दिलं नाही, चहा ठेवला.

त्यानंतर त्यांनी रिलॅक्सर सोडला आणि विग घ्यायला लागल्या. हा भाग मराठी वाचकांनी जरूर वाचावा. एके दिवशी नवा डबा आला. त्यावर लिहिलेलं, शंभर टक्के भारतीय केस. विहीणबाईंनी विग माझ्या डोक्याजवळ धरला आणि म्हणाल्या, "बघ, तुझेच आहेत का." घरभर हशा झाला. मी तो हातात घेतला तर लांब, काळा, जाडसर केस, माझ्या आईचे होते तसा. तिरुमलाला नवसाने उतरवलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं आणि ते जगभर विग करायला जातात, हे वाचून माहीत होतं. पण कुणा बाईने देवाला वाहिलेला केस माझ्या विहिणीच्या डोक्यावर बसून रविवारी चर्चला निघालाय हे डोळ्यांनी बघणं वेगळं. तेव्हा 'त्यांचे सौंदर्याचे निकष' म्हणून लांबून बघायची सोय आपल्याला नाही. निकषाचा कच्चा माल आपल्याकडून जातो.

आणि मी स्वतः? दर तीन आठवड्यांनी केस काळे करते. गेली वीस वर्षं. माझ्यावर आजवर कुणी पुरवणी काढलेली नाही. सून कधीतरी बाटली बघून म्हणते, "आई, तुमची ओळख कुठे ठेवलीत?" मी म्हणते, मोरीतल्या कपाटात.

मला विचाराल तर सून रिलॅक्सरला घरात येऊ देत नाही हे बरोबर आहे, आणि ते मी तिच्या आईसमोरही म्हणते. पण एखादीने केस सरळ केलेत यावरून तिच्या मनात काय आहे ते ओळखल्याचा आव आणायचा, आणि तोही इतक्या लांबून, हे मला पटत नाही. लिहायचंच तर त्या बँकेच्या काउंटरवर लिहावं, त्या न्यायालयावर लिहावं, आणि 'फोटो जन्मभर राहतात' म्हणणाऱ्या सासवांवर लिहावं.

पत्र लांबलंय, कात्री चालवायला हरकत नाही, फक्त वॉकरबाईंची दुरुस्ती ठेवा.

येत्या गुरुवारी नातीच्या शाळेत 'पिक्चर डे' आहे, वर्गाचा फोटो. तिला या वेळी केस सरळ हवे आहेत. मैत्रिणीसारखे नाही म्हणते, "लग्नाच्या फोटोतल्या मम्मासारखे." म्हणजे दिवाणखान्यातला तोच फोटो. सून 'नाही' म्हणाली आणि खोलीत गेली. विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, त्यात काय, बुधवारी येते, माझा कंगवा अजून आहे, रसायन नाही काही नाही, एका धुण्यात परत कुरळे. मुलगा कामाचं निमित्त काढून बाहेर गेला. नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजी, तू सांग.

मी अजून काही सांगितलेलं नाही. काल रात्री मात्र तिला टोपी घालताना दिसलं की पोरगी आरशासमोर उभी राहून दोन्ही कान दुमडून धरून बघत होती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, शिकागो

(सुनेच्या सांगण्यावरून नाव छापू नये ही विनंती. पत्र तिला वाचून दाखवलं आहे. फणीचे दोन नव्हे, चार दात तुटले होते असं तिचं म्हणणं आहे.)